अपघात झाला! आता काय करायचं?



घाटातून एस.टी.ने जाताना रस्त्याकडेच्या पाट्या तुम्ही मोठमोठ्याने वाचता ना? 'अति घाई, संकटात नेई', 'पुढे धोक्याचे वळण आहे', 'वाहने सावकाश चालवा'... या पाट्या मोठ्या शहाण्या असतात. पण त्या सगळ्या अपघाताच्या आधीचं सांगतात. समजा, एवढं सांगूनही अपघात झालाच, तर? पुढे काय करायचं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. म्हणून आज आपण त्याबद्दलच बोलू या.

घाबरून जाऊ नका हं! आपण पोहायला शिकतो, ते काय बुडायचं आहे म्हणून? पोहता येत असलं की पाण्याची भीती कमी होते. हेही तसंच आहे.

आधी एक गणित सोडवू. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं दगावली. वर्षाचे तास होतात ८,७६०. करा बरं भागाकार! उत्तर १९ च्या वर येतं. म्हणजे दर तासाला १९ माणसं. आपल्या एका वर्गातली जवळजवळ निम्मी मुलं म्हणा ना!

यातली सगळीच माणसं धडक बसताक्षणी गेली असं नाही. काही जण रस्त्यावर पडून मदतीची वाट पाहत होते. डॉक्टर अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर', म्हणजे सोन्यासारखा तास म्हणतात. या तासात नीट उपचार मिळाले, तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि गंमत अशी, की या तासातलं एक फार मोठं काम तुमच्याएवढ्या मुलालाही करता येतं. कोणतं? सांगते. क्रमाक्रमाने जाऊ.

आधी स्वतःला सांभाळा

समजा, तुम्ही आई-बाबांबरोबर गाडीतून कोल्हापूरला निघाला आहात. अचानक ब्रेकचा आवाज, मोठा धक्का, आणि गाडी थांबली. छाती धडधडते आहे. काय कराल?

एक मोठा श्वास घ्या. हात-पाय हलतात का ते बघा. कुठे दुखतंय, कुठे रक्त येतंय, ते पाहा आणि मोठ्यांना सांगा. मग हाक मारा, 'आई, तू बरी आहेस ना? बाबा? आजी?' कोण उत्तर देतं आणि कोण देत नाही, हे लक्षात ठेवा.

मोठं माणूस शुद्धीवर असेल तर ते इंजिन बंद करील आणि गाडीचे चारही पिवळे दिवे लुकलुकते ठेवील. मोठ्यांना सुचलं नाही, तर तुम्ही आठवण करून द्या, 'बाबा, इंजिन बंद करा.' त्यात काही लाजायचं नाही. गोंधळात मोठी माणसंही साध्या गोष्टी विसरतात.

ज्यांना चालता येतं त्यांनी शक्य असेल तर डाव्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दारातून उतरावं. उतरल्यावर गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहायचं नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसलाच नाहीत तर? रस्त्यापासून लांब जायचं. महामार्गाच्या कडेला लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभं राहायचं. पण पलीकडे दरी नाही ना, ते आधी बघायचं! धाकटी भावंडं असतील तर त्यांचा हात घट्ट धरा. चप्पल, दप्तर, खाऊचा डबा आणायला परत गाडीकडे धावू नका. गाडीत लाल त्रिकोण असतो. तो मागच्या वाहनांना दिसेल असा बराच मागे ठेवायचा असतो. पण ते काम मोठ्यांचं बरं का, तुमचं नव्हे!

पेट्रोलचा वास येत असेल किंवा धूर निघत असेल, तर मात्र एक क्षणही न दवडता लांब जायचं. जवळ कोणी काडी ओढत असेल, विडी शिलगावत असेल, तर ओरडून थांबवायचं.

'कुठे?' या प्रश्नाचं उत्तर

आता ते मोठं काम. फोन!

११२ हा नंबर पाठ करा. या एकाच नंबरवर पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका अशी सगळी मदत मागता येते. आपल्या महाराष्ट्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे. तिच्यात डॉक्टरही असतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे. या फोनला पैसे पडत नाहीत. आणि मोबाईलला कुलूप घातलेलं असलं, तरी त्या पडद्यावरच्या 'इमर्जन्सी' या शब्दावर बोट ठेवलं की ११२ लावता येतो.

फोन लावणं सोपं. पुढचं अवघड! आमची शाळा सातारा जिल्ह्यात, पुणे-बंगळूर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. चौथीच्या वर्गात आम्ही मध्यंतरी एक खेळ खेळलो. मी झाले ११२ वरची बाई आणि मुलं करणार फोन. पहिल्या गड्याने फोन लावला.

'बाई, लवकर या! लई मोठा अपघात झालाय!'

'कुठे?'

'इथंच, वडाखाली!'

'कोणता वड?'

'मोठा वड!'

सगळा वर्ग हसला. पण विचार करा, पुण्यात किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला तुमचा मोठा वड कसा कळणार? दुसऱ्याने गावाचं नाव सांगितलं. पण महामार्गाची कुठली बाजू, ते राहिलं. मधे दुभाजक असतो ना! रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूने आली, तर तिला पुढे जाऊन वळून यावं लागेल. तेवढी मिनिटं वाया जाणार.

शेवटी एक चिमुरडी उठली. बोलली हळू, पण किती नेटकं! 'पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी बाजू. आमच्या गावाच्या फाट्याच्या पुढं, पेट्रोल पंपासमोर. एक पांढरी गाडी आणि एक मोटारसायकल. दोन माणसं लागलेली आहेत. त्यातला एक बोलत नाही.' झालं! यापेक्षा जास्त काय हवं?

तर तुम्हीही या पाच गोष्टी या क्रमाने सांगायला शिका:

१. कुठे? (रस्ता, जवळचं गाव, ठळक खूण, जाण्याची बाजू)

२. काय झालं? (गाडी उलटली, धडक बसली, आग लागली)

३. किती जणांना लागलं?

४. कोणी बेशुद्ध आहे का? कोणी गाडीत अडकलं आहे का?

५. तुमचं नाव आणि फोन नंबर.

आणि पलीकडचा माणूस 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तो आणखी विचारील, काय करायचं तेही सांगील.

जागा सांगण्यासाठी तुमचा एक जुना दोस्त उपयोगी पडतो, तो म्हणजे किलोमीटरचा दगड. त्याच्या माथ्याचा रंग कधी नीट बघितलात? राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गाच्या दगडाचा हिरवा. त्यावर गावाचं नाव आणि अंतर लिहिलेलं असतं. मोठ्या महामार्गावर किलोमीटरच्या छोट्या पाट्याही असतात. तो आकडा फोनवर सांगितलात, तर मदत नेमकी तुमच्यापाशी येऊन थांबेल. काहीच दिसत नसेल तर दुकानाची पाटी वाचा, पूल, मंदिर, शाळा, टोलनाका यांची खूण सांगा.

एक ताकीद मात्र देऊन ठेवते. गंमत म्हणून हे नंबर कधीही फिरवायचे नाहीत. तुमच्या गमतीच्या फोनने लाइन अडली आणि त्याच वेळी कुणाचा तरी बाबा रस्त्यावर पडलेला असला तर?

लागलेल्या माणसापाशी

फोन झाला. रुग्णवाहिका निघाली. ती येईपर्यंत काय करायचं? इथलं बरंचसं काम मोठ्यांचं आहे. पण काय करू नये, हे तुम्हाला माहीत असलं तर तुम्ही मोठ्यांनाही थांबवू शकता.

जो ओरडतो आहे, त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे मोठ्यांचं लक्ष आधी वेधा. छाती वर-खाली होते का, ते बघायला सांगा. होत नसेल तर लगेच फोनवर कळवा. काय करायचं ते तिकडून सांगतील.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, टॉवेल, जे मिळेल ते जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरायचं. थांबलं का, म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली तर आणखी चांगलं. जखमेत काच किंवा पत्रा रुतला असेल तर तो उपसून काढायचा नाही. आणि हळद, चहापूड, माती यांतलं काहीही जखमेवर भरायचं नाही.

माणसाला ओढून, उचलून, उठवून बसवायचं नाही. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार लागलेला असतो आणि वरून तो दिसत नाही. हलवाहलवीने तो वाढतो. गाडीला आग लागली, पाणी भरू लागलं, असा काही धोका असेल तरच हलवायचं. मोटारसायकलस्वाराचं हेल्मेटही ओढून काढायचं नाही; पुढची काच तेवढी हलकेच वर करायची.

आता सगळ्यात नेहमीची गोष्ट. कोणी पडलं की चार जण धावतात, 'पाणी द्या, पाणी द्या!' मन चांगलंच असतं त्यांचं. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. शुद्धीवर असला, तरी इस्पितळात त्याच्यावर ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. म्हणून पाणी नाही, चहा नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवणंही नाही. अंगावर चादर घाला, हात हातात घ्या आणि सांगा, 'काका, मी इथेच आहे. गाडी निघाली आहे.' या दोन वाक्यांनी केवढा धीर येतो!

आणि हो, फोटो! हल्ली अपघात झाला की खिशातले मोबाईल बाहेर येतात, पण फोन लावायला नव्हे, चित्रण करायला. तुमच्या आईला लागलं असतं आणि लोक तिची चित्रफीत काढत उभे राहिले असते, तर तुम्हाला कसं वाटलं असतं? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आता थोडं आई-बाबांशी

हा भाग मुलांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

आपण मुलांना मूल्यशिक्षणात 'परोपकार' शिकवतो. आणि रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं की म्हणतो, 'चल पुढे, पोलिसांचं लचांड नको मागे.' मुलं हे दोन्ही ऐकतात. पण लक्षात ठेवतात ते दुसरं.

ही भीती उगाच आलेली नाही. एका स्कूटरवाल्याला मोटारीने धडक दिली. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे सांगण्यात आलं, की ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्या. तो बिचारा वाटेतच गेला. ही बातमी वाचून पंडित परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. १९८९ साली न्यायालयाने सांगितलं, की जखमी माणूस समोर आला की त्याचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. डॉक्टर सरकारी असो की खासगी, कागदपत्रं नंतर.

डॉक्टरांचं झालं. पण मदत करणाऱ्याचं काय? २००७ साली दिल्लीत शाळेतून घरी निघालेल्या एका मुलाला गाडीने उडवलं. तो बराच वेळ रस्त्यावर पडून होता. माणसं जमली, पण इस्पितळात कोणी नेलं नाही. त्या मुलाचे नातलग पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था काढली. याच संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे नवं कलमच घातलं गेलं.

त्याचा अर्थ साधा आहे. चांगल्या हेतूने मदत करायला गेलात आणि जखमीचं काही बरंवाईट झालं, तरी तुमच्यावर खटला भरता येत नाही. तुम्ही नाव-पत्ता सांगितला नाही तरी पोलिसांना सक्ती करता येत नाही. जखमीला इस्पितळात पोहोचवून तुम्ही घरी जाऊ शकता. इस्पितळ तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, तुमच्याकडे पैसेही मागू शकत नाही. उपचाराच्या खर्चासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना लागू केली. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

आणि अपघात आपल्याच गाडीचा असेल तर? आधी माणसं, मग गाडी. रस्त्यात भांडण घालू नका. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्यानेच चालकावर टाकलेलं काम आहे. माणसांची सोय लागली, की मग दोन्ही गाड्यांचे नंबर, जागा, वेळ यांची नोंद करा, गाड्यांचे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. तुम्ही त्या वेळी कसे वागलात, ते मागच्या सीटवरून दोन डोळे पाहत असतात!

घरी आल्यावर

चला मुलांनो, पुन्हा तुमच्याकडे. अपघात झाला, पण 'काही नाही, नुसतं खरचटलंय' म्हणून सगळे घरी आले. संपलं का? नाही. डोक्याला मार लागला असेल, तर पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवावं लागतं. सारखी उलटी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, नको तेव्हा झोप येणं, बोलताना गोंधळ होणं, झटके येणं, यांतलं काहीही झालं तर लगेच डॉक्टरकडे जायचं. पोटात किंवा छातीत दुखत असेल तर तेही लपवायचं नाही. 'इंजेक्शन देतील' म्हणून गप्प बसणारे बहाद्दर मला चांगले माहीत आहेत!

मनालाही लागतं बरं का. रात्री दचकून जाग येते. गाडीत बसायचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. यात भित्रेपणा काही नाही. आईजवळ, आजीजवळ, बाईंजवळ बोला. बोलल्याने भीती हळूहळू ओसरते. बरेच दिवस ओसरली नाही तर डॉक्टरांना सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

• ११२ आणि १०८ हे नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घरात सगळ्यांना दिसतील असे लावा.

• आई किंवा बाबा, एकाचा तरी मोबाईल नंबर तोंडपाठ करा. फोनमध्ये साठवलेला नंबर तुमच्या डोक्यातही हवा!

• घर ते शाळा या वाटेवरच्या दहा ठळक खुणा वहीत लिहा आणि नकाशा काढा. तुमचा रस्ता कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे जातो, तेही लिहा.

• गाडीच्या नंबरांचा खेळ खेळा. एमएच-११ सातारा, एमएच-१२ पुणे, एमएच-०९ कोल्हापूर. तुमच्या जिल्ह्याचा कोणता? नंबर एका नजरेत वाचून लक्षात ठेवायची सवय लागली, की धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर पोलिसांना देता येईल.

• घरच्या गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत एक पिशवी ठेवायला सांगा. तिच्यात स्वच्छ कापड, बँडेज, हातमोजे, बॅटरी आणि कागद-पेन्सिल असू द्या.

• आणि वर्गात 'कुठे?' हा खेळ नक्की खेळा. जो 'इथंच, वडाखाली' म्हणेल, तो बाद!

देव करो आणि यातलं काहीही कधी करायची वेळ तुमच्यावर न येवो. पण आलीच, तर गर्दीत मान उंचावून बघत उभे राहू नका. पाटी वाचा, फोन लावा आणि नेमकं 'कुठे' ते सांगा.

तुमची,
एक बाई